रक्तातले भविष्य

दिवाळी अंक हाती पडला की पुष्कळांची बोटे प्रथम वार्षिक भविष्याच्या पानाकडे वळतात. माझीही वळतात, नाही कशाला म्हणू? परंतु एका रोगाचे भविष्य रक्ताच्या चार थेंबांवरून वर्तविण्याचा जो खटाटोप वैद्यकशास्त्राने केला, त्याची हकिकत मला राशिभविष्याहून अधिक रंजक वाटते.

हा रोग म्हणजे 'हिपॅटायटिस सी'. कावीळ म्हटली की आपल्याला पिवळे डोळे आठवतात. पण ही स्वारी बहुधा आपला रंग दाखवीतच नाही. रक्तावाटे शिरलेला विषाणू वीस-तीस वर्षे यकृतात बिनभाड्याने राहतो, आणि घरमालकाला पत्ता लागतो तो यकृत निबर झाल्यावर! १९८९ पर्यंत याला स्वतःचे नावही नव्हते. 'ए नव्हे, बी नव्हे' अशीच त्याची ओळख करून देत. त्याच्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शत्रू सापडला, पण शस्त्र बोथट होते. इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या चोवीस किंवा अठ्ठेचाळीस आठवडे घ्यावयाच्या. ताप, अशक्तपणा, केस गळणे, मन खचणे हे सारे सोसावयाचे. आणि विषाणू पहिल्या प्रकारचा असेल, तर गुण यावयाचा जवळजवळ निम्म्यांनाच. तेव्हा गुण कोणाला येणार, हे आधी कसे ओळखावे?

उत्तर रक्तात शोधले गेले. विषाणूचा प्रकार कोणता, रक्तात त्याची संख्या किती, हे प्रथम पाहत. चौथ्या आठवड्यात तो दिसेनासा झाला तर शकुन उत्तम. बाराव्या आठवड्यापर्यंत शंभरपटीनेही घटला नाही, तर औषध बंद. 'आय.पी.-१०' नावाचे एक प्रथिन आरंभीच भरपूर असेल, तर लक्षण वाईट समजत. घरात आधीच धोक्याची घंटा घणघणत असता, बाहेरून वाजविलेली आणखी एक घंटा कोणाला ऐकू जाणार? पुढे २००९ साली एकोणिसाव्या गुणसूत्रावर, 'आय.एल. २८-बी' या जनुकाजवळ, एका अक्षराचा फरक सापडला. युरोपीय वंशाच्या रोग्यांत अनुकूल अक्षरजोडी असणाऱ्यांना गुण येण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले.

माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांची ही तपासणी २०११ साली झाली आणि कौल प्रतिकूल आला. "म्हणजे औषध घ्यायचंच नाही का?" त्यांच्या पत्नीने विचारले. प्रश्न रास्त होता. शंभर रोग्यांचे प्रमाण एका माणसाचे नशीब सांगत नाही. पण काही लाखांचा खर्च करून वर्षभर झुरावयाचे की नाही, हे ठरविण्यास दुसरा आधार तरी कोणता होता? यकृत अजून शाबूत होते, म्हणून डॉक्टरांनी थांबावयास सांगितले. त्या घराने ती वर्षे कशी काढली, हे मी पाहिले आहे.

थांबणे फळाला आले. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत 'सोफोसबुव्हिर' या गोळीला मान्यता मिळाली. बारा आठवड्यांची किंमत होती ८४,००० डॉलर! पण २०१४ साली भारतीय कारखान्यांना ती बनविण्याचे परवाने मिळाले आणि किंमत झपाट्याने उतरली. २०१६ साली आमच्या गुरुजींनी जोडगोळ्यांचा बारा आठवड्यांचा क्रम पुरा केला. आज ते ठणठणीत आहेत. या नव्या औषधांनी शंभरांत सुमारे पंचाण्णव रोगी बरे होतात. जनुकाचा कौल विचारण्याचे कारणच उरले नाही.

तरीही रक्ततपासणीचे काम संपलेले नाही. पहिली तपासणी प्रतिपिंडांची. ती होकारार्थी आली तर विषाणू खरोखर अंगात आहे की नाही, याची दुसरी. प्लेटलेट आणि यकृताची विकरे पाहून यकृत किती निबर झाले, याचा अंदाज येतो, आणि औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणू दिसला नाही, की रोगी बरा. प्रतिपिंडे मात्र बरे झाल्यावरही राहतात. त्यांना भिऊ नये.

२८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत ही तपासणी व औषधे मोफत मिळतात. घरात कोणाला पूर्वी, विशेषतः २००१ च्या आधी, रक्त चढविले असेल, डायलिसिस चालू असेल किंवा न उकळलेल्या सुया टोचल्या गेल्या असतील, तर वाचकहो, एकदा तपासून घ्या. औषध तयार आहे. अडते आहे ते रोग न कळण्यापाशी.