ताशी मैल : वेगाच्या एका एककाचे आकलन

सारांश

चाल किंवा वेग मोजण्याचे 'ताशी मैल' हे एकक भारतात कायद्याच्या व्यवहारातून बाद झाले असले, तरी जुनी कागदपत्रे, परदेशातील रस्ते, क्रिकेटची मैदाने आणि आपली रोजची भाषा यांतून ते अद्याप वावरते. प्रस्तुत लेखात या एककाची जडणघडण, त्याचा मराठी मुलखातील जमीनमोजणीशी असलेला संबंध, मेट्रिक एककांत त्याचे रूपांतर आणि ते चुकीचे समजल्यास होणारे परिणाम यांचे विवेचन केले आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील, विशेषतः कराडलगतच्या मलकापूर परिसरातील उदाहरणांच्या आधारे 'प्रति' या संकल्पनेचे अध्यापन कसे करता येईल, हेही सुचविले आहे.

बीजसंज्ञा : मैल, ताशी मैल, चाल, सरासरी चाल, मापनसाक्षरता, गुंठा, क्युसेक.

प्रस्तावना

पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर वसलेले मलकापूर हे कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडचे जोडशहर आहे. या महामार्गावरील अंतराचे दगड आज किलोमीटर दाखवितात. तरीही बोलताना आपण त्यांना 'मैलाचे दगड'च म्हणतो. रस्त्याची देखभाल करणारा कामगार कित्येक वर्षे 'मैलकुली' म्हणूनच ओळखला गेला आणि 'दोन फर्लांगांवर' घर असलेली माणसे जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून भेटतात. एकक कायद्याने गेले, पण भाषेतून गेले नाही. अशा अर्धवट ओळखीच्या एककाचा अर्थ नेमकेपणाने समजून घेणे केवळ भौतिकशास्त्राच्याच नव्हे, तर भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र आणि भाषा या विषयांच्या अध्यापकांनाही उपयुक्त ठरते.

वेग मोजण्यापूर्वीचा काळ

यंत्रयुगापूर्वी आपल्याकडे अंतर कोसांत आणि योजनांत सांगितले जाई, परंतु कोसाची लांबी प्रदेशागणिक बदलत असे. ढोबळमानाने एक कोस म्हणजे दोन मैल असे धरले जाते. प्रवासाचे वर्णन मात्र बहुधा अंतराऐवजी काळाच्या भाषेत होत असे. 'मजल दरमजल' या शब्दप्रयोगातील 'मजल' म्हणजे एका दिवसाच्या चालीचा टप्पा. 'चार मजलांवरचे गाव' असे म्हणताना माणसाची किंवा बैलगाडीची चाल गृहीत धरलेली असे, म्हणून ती वेगळी सांगावी लागत नसे. घोडा, बैल आणि पादचारी यांच्या चालींत फरक होता, पण तो ठरलेला व सर्वांच्या परिचयाचा होता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी २१ मैलांची आगगाडी धावली आणि ही परिस्थिती बदलली. गाडीची चाल बैलाच्या चालीवरून कळेना. ती घड्याळाने मोजावी लागली, वेळापत्रकात बसवावी लागली. 'ताशी' हा शब्द मराठीत रुळण्यामागे घड्याळ आणि रेल्वे यांचा मोठा वाटा आहे.

मैल व गुंठा : एकाच कुळातील मापे

रोमन सैन्याची एक हजार दुहेरी पावले म्हणजे एक रोमन मैल. ५,००० रोमन फुटांचे हे माप इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर तेथील शेतीच्या मापांशी जुळेना. तेथे नांगराच्या सरीच्या लांबीवरून आलेला फर्लांग रूढ होता व तो ६६० फुटांचा होता. १५९३ मध्ये राणी एलिझाबेथच्या काळातील कायद्याने आठ फर्लांगांचा एक मैल ठरविला आणि त्यातून ५,२८० फूट ही वरवर विचित्र वाटणारी संख्या जन्माला आली. थोडक्यात, जमिनीचे माप कायम ठेवून प्रवासाचे माप त्याला जुळवून घेण्यात आले.

या इतिहासाचा मराठी शेतकऱ्याशी थेट संबंध आहे. ब्रिटिश काळातील मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी वापरली जाई. या साखळीच्या लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. आता ५,२८० ला ३३ ने भागल्यास भागाकार बरोबर १६० येतो. म्हणजे गुंठ्याच्या चौरसाच्या १६० कडा ओळीने मांडल्या की एक मैल पूर्ण होतो आणि एका चौरस मैलात ६४० एकर बसतात. क्रिकेटची २२ यार्डांची खेळपट्टी ६६ फुटांची, म्हणजे अशा दोन कडांइतकी असते. मैल हे परके माप असले, तरी त्याचे सगेसोयरे आपल्या बांधावर आणि मैदानावर आहेत, ही बाब वर्गात सांगितल्यास विद्यार्थ्यांना ५,२८० ही संख्या पाठ करावी लागत नाही.

मैलाची लांबी देशोदेशी किंचित भिन्न होती. १९५९ मध्ये इंग्रजीभाषक देशांनी यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर असे निश्चित केले आणि त्यानुसार मैल १,६०९.३४४ मीटरचा झाला. म्हणजेच मैलाची आजची व्याख्या मीटरवरच आधारलेली आहे. समुद्रावरील मैल मात्र वेगळा. तो अक्षांशाच्या एका अंशाच्या साठाव्या भागावरून आला असून १,८५२ मीटरचा आहे आणि ताशी एक सागरी मैल या चालीस 'नॉट' म्हणतात.

'ताशी' या शब्दाचा गणिती अर्थ

पाठ्यपुस्तकांत 'चाल' ही अदिश व 'वेग' ही सदिश राशी मानली जाते. ताशी मैल हे दोहोंचेही एकक होऊ शकते, कारण एककाला दिशा नसते. अंतर भागिले काळ हा त्याचा गाभा होय. मराठीतील 'ताशी', 'दरडोई', 'शेकडा', 'एकरी' हे सर्व शब्द भागाकारच सुचवितात. एकरी उत्पन्न समजणाऱ्या विद्यार्थ्याला ताशी मैल समजणे अवघड जाऊ नये. फक्त दोहोंतील साम्य त्याच्या लक्षात आणून द्यावे लागते.

दुसरा मुद्दा असा की, ताशी ६० मैल म्हणण्यासाठी तासभर प्रवास व्हावा लागत नाही. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल आणि सेकंदाला ८८ फूट. वेगमापकाचा काटा त्या क्षणीची चाल दाखवितो, तर प्रवासाअंती आपण काढतो ती सरासरी चाल होय.

सरासरीबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. मलकापूर ते पुणे हे अंतर सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे जवळपास १०० मैल आहे. जाताना ताशी ४० मैल आणि येताना ताशी ६० मैल अशी चाल असल्यास सरासरी ५० येईल असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात जाण्यास २ तास ३० मिनिटे व येण्यास १ तास ४० मिनिटे, असे एकूण ४ तास १० मिनिटे लागतात. २०० मैलांना या काळाने भागल्यास सरासरी ताशी ४८ मैल येते. मंद चालीत जास्त वेळ जात असल्याने तिचे वजन सरासरीत अधिक पडते. अर्थशास्त्रातील व संख्याशास्त्रातील हरात्मक मध्य शिकविण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

रूपांतर : अचूक व अदमासे

ताशी एक मैल म्हणजे ताशी १.६०९३४४ किलोमीटर अथवा सेकंदाला ०.४४७०४ मीटर. तोंडी हिशेबासाठी मैलांना ८ ने गुणून ५ ने भागावे. या रीतीने ५० मैलांचे ८० किलोमीटर होतात (अचूक ८०.५) आणि चूक एक टक्क्याहूनही कमी राहते. आणखी एक गमतीची रीत संख्यामालेवर आधारलेली आहे. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ या मालिकेत प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असते आणि लगतच्या पदांचे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ जाते. म्हणून ५ मैल म्हणजे सुमारे ८, १३ मैल म्हणजे सुमारे २१ आणि २१ मैल म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर होतात. बोरीबंदर-ठाणे अंतर २१ मैल अथवा ३४ किलोमीटर सांगितले जाते, ते याच मालिकेतील दोन शेजारी आहेत. फिबोनाची या नावाने ओळखली जाणारी ही मालिका भारतीय छंदशास्त्रात हेमचंद्राने त्याच्यापूर्वीच मांडली होती.

एकक बदलले की संख्येचे महत्त्वही बदलते. २२ फेब्रुवारी २००३ रोजी केपटाऊन येथे शोएब अख्तरने इंग्लंडविरुद्ध टाकलेल्या चेंडूचा वेग ताशी १६१.३ किलोमीटर नोंदला गेला. किलोमीटरमध्ये या संख्येला विशेष आकर्षण नाही. मात्र मैलांत ती १००.२ होते आणि 'शंभराचा टप्पा ओलांडला' अशी बातमी होते. निसर्गाच्या दृष्टीने या टप्प्याला काहीही अर्थ नाही. तो एककाने निर्माण केलेला टप्पा आहे.

कायदा, नकाशे आणि संशोधन

भारताने १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली व १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आणली. सध्या वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ लागू आहे. अमेरिका व ब्रिटन येथील रस्त्यांवर मात्र आजही मैलच आहेत. आयर्लंडने जानेवारी २००५ मध्ये वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरमध्ये बदलल्या.

संशोधकाला मैल टाळता येत नाहीत. १८८५ चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर मैल व चौरस मैलांत लिहिलेले आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने 'एक इंची' नकाशे एका इंचास एक मैल, म्हणजे १:६३,३६० या प्रमाणाचे आहेत, तर नंतरचे १:५०,००० प्रमाणाचे. दोन काळांतील नकाशांवरून नदीपात्राची किंवा गावठाणाची तुलना करणाऱ्याने हा फरक दुर्लक्षिल्यास त्याचे निष्कर्षच चुकतील.

एकक चुकल्यास काय होते?

एककाच्या गोंधळाची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. जुलै १९८३ मध्ये कॅनडातील एका प्रवासी विमानात इंधनाचा हिशेब किलोग्रॅमऐवजी पौंडांत झाल्याने ते आकाशातच इंधनाविना राहिले. वैमानिकांच्या कौशल्यामुळे ते गिमली येथे उतरले. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचे मंगळाभोवती फिरण्यासाठी पाठविलेले यान नष्ट झाले, कारण एका संगणकप्रणालीने आवेगाची आकडेवारी पौंडांवर आधारित एककात दिली व दुसरीने ती मेट्रिक समजून वापरली.

रस्त्यावर हाच धोका थांबण्याच्या अंतरात दिसतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेतील तक्ता एका सोप्या सूत्राशी जुळतो. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत वाहन ताशी मैलांच्या आकड्याइतके फूट पुढे जाते आणि त्यानंतर त्या आकड्याच्या वर्गाला २० ने भागून येतील तितक्या फुटांत ते थांबते. ताशी ३० मैलांस ३० अधिक ४५, म्हणजे ७५ फूट (२३ मीटर) लागतात. ताशी ६० मैलांस ६० अधिक १८०, म्हणजे २४० फूट (७३ मीटर). चाल दुप्पट झाली, पण ब्रेकचे अंतर चौपट झाले, कारण गतिज ऊर्जा चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने मोटारींसाठी दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर ताशी १०० व नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर ताशी ७० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठेवली. ताशी १०० किलोमीटर म्हणजे ६२ मैल. वरील सूत्राने थांबण्यास सुमारे २५४ फूट, म्हणजे गुंठ्याच्या जवळजवळ आठ कडा लागतात. समजा, एखाद्याने मैल दाखविणारे वेगमापक किलोमीटरचे समजून काटा ७० वर ठेवला, तर वाहन प्रत्यक्षात ताशी ११३ किलोमीटरने धावेल आणि ४२ मीटरऐवजी ९६ मीटरवर थांबेल. मधल्या ५४ मीटरमध्ये महामार्ग ओलांडणारा विद्यार्थी असू शकतो. महामार्ग ज्यांच्या वस्तीतून जातो, अशा मलकापूरसारख्या गावांसाठी हा हिशेब पुस्तकी नाही.

आपल्या परिसरातील 'प्रति'

मैल गेले, परंतु फूट व घनफूट आपल्या जिल्ह्यांत ठाण मांडून आहेत. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगितली जाते आणि विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत. ताशी मैलाप्रमाणेच क्युसेकही राशी भागिले काळ याच घाटणीचे एकक आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर राहिल्यास एक टीएमसी पाणी वाहून जाते.

कोयनेचे पाणी कराडच्या संगमावरून पुढे सांगलीकडे जाते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांहून वर गेले होते. अशा वेळी पातळी किती आहे याइतकेच ती ताशी किती इंचांनी वाढते आहे, हे महत्त्वाचे असते. उदाहरणादाखल, पातळी ३४ फूट असून ताशी ३ इंचांनी वाढत असेल, तर इशारा पातळी गाठण्यास २४ तास व त्यानंतर धोका पातळी गाठण्यास २० तास मिळतील. वाढ ताशी ६ इंच झाल्यास हा अवधी निम्मा होतो. जनावरे सोडवून घर कधी हलवायचे, या निर्णयामागे हाच भागाकार असतो. वाढीचा दर स्थिर नसतो, म्हणून तो दर काही तासांनी पुन्हा काढावा लागतो. सरासरी व तात्कालिक दर यांतील फरक येथे जीवनाशी जोडला जातो.

निष्कर्ष

१. ताशी मैल हे कालबाह्य माप म्हणून वगळण्याऐवजी 'प्रति' ही संकल्पना शिकविण्याचे साधन म्हणून वापरावे.

२. मैल, फर्लांग, एकर व गुंठा यांचे परस्परसंबंध एकत्रितपणे शिकविल्यास पाठांतराची गरज कमी होते.

३. सरासरी चाल काढताना एकूण अंतराला एकूण काळाने भागण्याचा आग्रह सर्व विद्याशाखांत धरावा.

४. जुनी कागदपत्रे वापरणाऱ्या संशोधकांनी मूळ एकक व रूपांतरित एकक दोन्ही नोंदवावेत.

५. थांबण्याचे अंतर आणि पूरपातळीच्या वाढीचा दर हे स्थानिक प्रश्न वर्गात सोडवून घ्यावेत.

संख्या ऐकताच ती कशाची, किती काळातील आणि कोणत्या एककातील, असे विचारण्याची सवय महाविद्यालयीन शिक्षणाने लावली पाहिजे. महामार्गावर आणि नदीकाठी राहणाऱ्या समाजाला या मापनसाक्षरतेची नितांत आवश्यकता आहे.