बनावे : डोंगरावरचा भाताचा मुलूख

भाताचं खाचर आपल्याला नवीन नाही. उतारावर बांध घालायचा, माती अडवायची, पाणी साठवायचे, चिखलणी करून रोप लावायचे. कोकणात, मावळात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण डोंगराच्या पायथ्यापासून वर धुक्यापर्यंत खाचरांच्या पायऱ्याच पायऱ्या, आणि कित्येक पायऱ्यांचा बांध माणसाहून उंच! असा एक मुलूख फिलिपिन्स देशात आहे. त्याचे नाव बनावे. आज आम्ही तुम्हाला त्याची माहिती सांगणार आहोत.

बनावे कोठे आहे?

फिलिपिन्स हा देश आपल्या पूर्वेला, दूर समुद्रापलीकडे आहे. हा सगळा देश बेटांचा. लहानमोठी मिळून साडेसात हजारांहून जास्त बेटे! त्यांतले सर्वांत मोठे बेट लुझोन. देशाची राजधानी मनिला याच बेटावर आहे. मनिलाहून उत्तरेला सुमारे ३५० किलोमीटर गेले की उंच डोंगरांत बनावे लागते. रात्री मनिलाला मोटारीत बसावे, तर सकाळी तिथे उतरावे. उंची सुमारे ४,००० फूट. हवा थंड. पाऊस पुष्कळ.

इथले लोक इफुगाव जमातीचे. त्यांच्या जिल्ह्याचे नावही इफुगाव. हा जिल्हा १९६६ साली वेगळा झाला.

कारभार कसा चालतो?

बनावेला सरकारी भाषेत म्युनिसिपालिटी म्हणतात. पण शहरातली नगरपालिका डोळ्यांपुढे आणू नका बरं का! इथे डोंगरात विखुरलेली १८ गावे मिळून एक म्युनिसिपालिटी झाली आहे. अशा प्रत्येक गावाला बरांगाय म्हणतात. सगळी मिळून लोकवस्ती सुमारे २०,०००.

लोक आपल्या मतांनी मेयर, उपमेयर आणि आठ सभासद निवडतात. मुदत तीन वर्षांची. एका माणसाला त्याच जागेवर लागोपाठ तीनच वेळा बसता येते. बरांगायचाही एक मुख्य असतो, त्याच्याबरोबर पंच असतात. हा सारा कायदा १९९१ सालचा आहे.

आता पैसा येतो कुठून? डोंगरातल्या गरीब गावाचे स्वतःचे कर ते किती असणार! म्हणून देशाच्या करांतला ४० टक्के भाग खालच्या संस्थांना वाटून देतात. म्युनिसिपालिट्यांचा वाटा ठरवताना निम्मा हिशेब लोकसंख्येचा, पाव हिशेब जमिनीच्या विस्ताराचा, आणि उरलेला पाव सर्वांना सारखा. म्हणजे बघा, माणसे थोडी असली की पैसाही थोडा. माणसे मोजली जातात. बांध कोणी मोजत नाही. आणि बनावेला तर माणसे थोडी अन् बांध फार!

खाचर कसे बांधतात?

बांधाच्या तळाला मोठे दगड बसवतात. त्यावर दगडावर दगड रचीत जातात. भिंतीच्या मागे लहान दगड आणि खडी भरतात, म्हणजे जादा पाणी झिरपून जाते, भिंतीवर जोर येत नाही. त्यावर चिकण माती चोपतात. तिच्यामुळे खाचरात पाणी टिकते. सगळ्यांत वर पिकाची काळी माती. कोठे दगड मिळत नाहीत, तिथे नुसत्या मातीचे बांध असतात. सिमेंट नाही, चुना नाही.

ही खाचरे २,००० वर्षांची जुनी आहेत, असे पूर्वी सांगत असत. अलीकडे शोधकांनी जुन्या वस्त्यांच्या जागी खणून पाहिले. त्यावरून त्यांना वाटते, की इथे भाताची पाणथळ शेती सुमारे ४०० वर्षांपूर्वी वाढली. त्या वेळी स्पेनचे लोक सखल भाग जिंकीत आले होते. त्यांना टाळून लोक उंच डोंगरात सरकले, आणि भात लावू लागले. त्याआधी तिथे अळूचे कंद होत असत.

भाताची जुनी जात तिनावोन. या शब्दाचा अर्थच वर्षातून एकदा येणारे. हे भात थंडी सोसते, पण पिकायला वेळ घेते. हिवाळ्यात लावणी आणि जून-जुलैत कापणी. बियाणे निवडायचे काम बायांचे. चांगली भरलेली लोंबी पाहून त्या ती वेगळी ठेवतात. बांधबंदिस्ती पुरुषांची. एकमेकांच्या शेतावर कामाला जायची रीतही आहे. तिला उब्बू म्हणतात. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. आपल्याकडची सावड म्हणा ना!

पाणी कोठून येते?

इतक्या उंचावर पाणी चढवणार कोण? कोणीच नाही. पाणी वरूनच येते. खाचरांच्या माथ्यावर लोकांनी राने राखली आहेत. त्यांना मुयोंग म्हणतात. पावसाचे पाणी झाडांच्या मुळांत मुरते, हळूहळू झऱ्याने बाहेर येते, आणि पाटाने पहिल्या खाचरात उतरते. पहिले भरले की दुसरे, दुसरे भरले की तिसरे. असे खालपर्यंत.

म्हणून वरच्याने रान तोडले, तर खालच्याचे भात वाळते. वरच्याचा बांध फुटला, तर खालच्याचा बांधही जातो. ज्या शेताला पूर्वापार पाणी जात आले, त्याचे पाणी वरच्याने तोडायचे नाही, असा जुना दंडकच आहे.

मुयोंग बहुधा एकेका घराण्याचे असते. सरपण, घराचे लाकूड तिथूनच आणायचे. पण झाड तोडले तर नवी रोपे सांभाळायची. मात्र १९७५ च्या सरकारी कायद्याने तीव्र उताराची जमीन सरकारी जंगल ठरली. आजोबांनी राखलेले रान कागदावर सरकारचे झाले! स्वतःच्या रानातले झाड तोडायचे, तर अडचण. पुढे १९९६ साली सरकारने मुयोंगसाठी निराळा परवाना दिला. १९९७ साली आदिवासींच्या वडिलोपार्जित जमिनीचा हक्क मानणारा कायदाही झाला.

खाचरे का ओस पडू लागली?

बनावेतली बाताद आणि बांगाआन या दोन गावांची खाचरे १९९५ साली युनेस्कोने जगाचा वारसा म्हणून नोंदली. शेजारच्या गावांतली आणखी तीन ठिकाणे त्याच यादीत आहेत. जगभरातून माणसे पाहायला येऊ लागली. पण सहाच वर्षांनी, २००१ साली, युनेस्कोने हाच वारसा धोक्यात असलेल्यांच्या यादीत घातला. चौथा हिस्सा, किंबहुना त्याहूनही थोडी जास्त, खाचरे ओस पडली होती.

असे का झाले? कारणे एक नाही, अनेक आहेत.

एक तर वर्षाला एकच पीक. खाचरे चिंचोळी. घरचा तांदूळ बऱ्याच घरांना वर्षभर पुरत नाही. मग रताळ्यावर भागवायचे, नाहीतर सखल भागातला तांदूळ विकत घ्यायचा.

दुसरे असे, की खाचरे तुकडे करून वाटायची रीत नाही. चांगली जमीन बहुतेक थोरल्या अपत्याला, मग तो मुलगा असो की मुलगी. त्यामुळे शेत मोडत नाही, हे खरे. पण धाकट्यांनी काय खावे? ते शहराकडे जातात. शिकलेली थोरली मुलेही आता जातात. मग बांधाला दगड लावायला म्हातारी माणसे उरतात.

तिसरे, किडामुंगी. १९८० नंतर फिलिपिन्समध्ये खायला म्हणून परदेशी गोगलगाय आणली. ती शेतात पसरली आणि कोवळे रोपच खाऊ लागली. आणखी एक नवल ऐका. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, असे आपण म्हणतो. पण तिथली लांबलचक गांडुळे बांध पोखरतात. खाचर पाण्याने भरलेले असले तर त्यांचे फारसे चालत नाही. खाचर सुकले की ती वाढतात, आणि मग बांध गळू लागतो. म्हणजे सोडून दिलेले एक खाचर शेजारच्यालाही घेऊन बसते.

चौथे, पाहुण्यांचा पैसा. त्याने पोटे भरली, यात शंका नाही. खाणावळी निघाल्या, वाटाडे झाले, लाकडाच्या कोरीव वस्तू विकल्या जाऊ लागल्या. पण कोरायला लाकूड लागते, आणि लाकूड रानातूनच येते. शिवाय खाणावळीत काम केले तर रोज रोख पैसा मिळतो. बांध बांधून लगेच काय मिळते?

मग लोकांनी काय केले?

त्यांनी बांध पुन्हा उभारले. सरकारने मदत दिली, बाहेरच्या संस्थांनी दिली. पण दगड उचलले गावकऱ्यांनी. गावोगावी पाट दुरुस्त झाले. २०१२ साली युनेस्कोने धोक्याच्या यादीतून नाव काढले.

गाणीही जपली. कापणीच्या वेळी बाया हुदहुद नावाची लांबच लांब कथागीते म्हणतात. कोणी वडीलधारे वारले, तर प्रेतापाशीही ती गातात. या गीतांना युनेस्कोने २००१ साली मान दिला. आता जाणत्या बाया ती मुलांना शिकवतात. कारण शेतात जाणारी पोर उरली नाही, तर गाणे कानावर पडणार कुठे?

तरी संकट टळले असे नाही. २०२२ च्या जुलैमध्ये बनावेत जोराचा पाऊस झाला. डोंगर खचला. चिखल आणि दगडांचा लोंढा वस्तीत शिरला. घरे, रस्ते, खाचरे यांचे नुकसान झाले. लोकांना पुन्हा फावडी हातात घ्यावी लागली.

पाहायला येणारा माणूस हिरवा डोंगर पाहतो, फोटो काढतो आणि परत जातो. पण तो डोंगर हिरवा का राहिला, हे आता आपल्याला कळले. वर रान आहे म्हणून पाणी आहे. पाणी आहे म्हणून बांध ओला आहे. आणि पाऊस थांबला की कोणीतरी फावडे घेऊन वर जातो, कोठे भोक पडले का ते पाहतो, म्हणून तो बांध उभा आहे. ज्या साली वर जाणारा कोणी नसेल, त्या साली पहिला दगड निसटेल.