मरणापलीकडची सोबत

तापीपलीकडे जैनाबादेतील आहूखान्यात १६३१ साली मुमताजमहलचे प्रथम दफन झाले. सहा महिन्यांनी देह आग्र्यास नेला. मरणापलीकडेही सोबत हवी, ही ओढ बुऱ्हाणपुरास नवी नाही. म्हणूनच ‘सान जुनिपेरो’ या २०१६ च्या इंग्रजी चित्रकथेवरील मतभेद येथील रसिकांनीही ऐकण्याजोगे आहेत.

‘ब्लॅक मिरर’ मालिकेतील या कथेचे लेखक चार्ली ब्रूकर. यॉर्की व केली या दोन वृद्धा यंत्रनिर्मित नगरीत तरुण होऊन भेटतात, प्रेमात पडतात आणि देह सुटल्यावर तेथेच राहतात. पुष्कळ प्रेक्षक या शेवटाने गहिवरले. २०१७ साली कथेस दोन एमी पारितोषिकेही लाभली. इतरांना मात्र अखेरच्या दृश्यातील यंत्रांच्या रांगा खुपल्या. तेथे नाचते ती केली, की तिची नक्कल? शिवाय, दिवंगत मुलगी जेथे नाही तेथे जाण्याचे तिच्या पतीने नाकारले होते, त्याचे काय?

गाणाऱ्यांस हा सवाल परिचित आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली पैगंबरवासी झाले; त्यांची ध्वनिमुद्रिका आजही तोच सूर लावते, पण शिष्याची चूक ऐकून थांबत नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले; त्यांची विद्या मास्टर कृष्णरावांच्या गळ्यात वाढत राहिली.

माझे वडील दरबारी गवई. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही. चिजा मात्र माझे विद्यार्थी गातात. त्याचे समाधान आहेच. तरी केली चुकली, असे म्हणावयास जीभ रेटत नाही. तो आवाज एकदा कानी पडावा, असे वाटतेच.