चढाला जोर, उताराला आवर

नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाटात लासलगावचा कांदा भरलेला ट्रक पुढे आला की एसटीतले आपण सगळे वैतागतो. 'किती रेंगाळतोय!' असं कोणीतरी म्हणतंच. ट्रक मात्र घरघरत, एकाच चालीने उतरत असतो. त्या चालीचं मर्म त्याच्या मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यात आहे.

गॅरेजात त्याला डिफरन्शियल म्हणतात. गिअरबॉक्सकडून आलेला लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, इथे पोचतो. त्यापुढे पिनियन हे लहान दातेरी चक्र असतं आणि ते क्राऊन या मोठ्या चक्राला फिरवतं. पिनियनला 6 दाते आणि क्राऊनला 41 दाते असतील, तर 41 भागिले 6, म्हणजे 6.83. दांडा 6.83 वेळा फिरेल तेव्हा चाकाची एक फेरी पुरी होईल. हाच अॅक्सलचा 'रेशो'.

पहारीने दगड हलवताना पहार जितकी लांब, तितका जोर जास्त. पण हातालाही तितकंच जास्त अंतर जावं लागतं. इथेही तोच हिशेब. पिनियनला 6 ऐवजी 7 दाते केले, तर रेशो 5.86 होतो. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेतंय, गिअरबॉक्स टॉपमध्ये 'एकास एक' आहे आणि चाकाचा घेर 3.2 मीटर आहे असं धरा. पहिला ट्रक ताशी 56 किलोमीटर जाईल, दुसरा साधारण 65. सपाट रस्त्यावर दुसऱ्याचं इंजिन निवांत राहील, डिझेलही वाचेल. पण त्याच इंजिनाचा चाकावरचा जोर सातवा हिस्सा कमी झालेला असेल.

आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्या चाचांना मी एकदा विचारलं, "चाचा, डिझेल वाचतं, मग सगळेच रेशो का बदलत नाहीत?" ते हसून म्हणाले, "वाचतं ना बेटा, सपाटीला. घाटात ते क्लचच्या रूपाने सव्याज फेडावं लागतं."

न्हावा-शेवाहून कंटेनर ओढत खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या ट्रेलरचं गणित याहून अवघड. ओढायचं वजन वाढलं की इंजिन तरी तगडं हवं, नाहीतर रेशो तरी मोठा. 2018 साली केंद्र सरकारने सहा चाकी ट्रकची एकूण वजनाची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेली. कागदावर वजन वाढलं, म्हणून जुन्या ट्रकच्या क्राऊनचे दाते काही वाढले नाहीत.

आता उताराकडे येऊ, कारण जिवाशी गाठ तिथेच असते. ट्रक गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की चाकंच उलट इंजिनाला फिरवू लागतात. इंजिन त्यांना अडवतं, आणि ही अडवणूकही त्याच रेशोने गुणली जाते. म्हणून चढाला जोर देणारा मोठा रेशो उताराला आवरही घालतो. चार पैशांच्या डिझेलसाठी न्यूट्रल केलं, की हा धागा तुटतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकडत नाहीत. 'ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं,' असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते यासाठीच. रेशो लहान केलेला असेल, तर त्याहून खालचा गिअर लागतो.

तेव्हा जुना ट्रक घेणाऱ्यांनी टायर आणि रंगाबरोबर रेशोही विचारावा, आणि आपला रस्ता घाटाचा की सपाटीचा, ते आधी ठरवावं. मालकाने रेशो बदललाच, तर निदान ड्रायव्हरला तसं सांगावं. स्टिअरिंगवर तो बसणार असतो. आणि आपण प्रवाशांनी घाटात पुढचा ट्रक सावकाश उतरत असेल, तर हॉर्न वाजवू नये. तो आपलं काम नीट करत असतो.