ओर्काला किती पाणी पुरेल?

काळेवाडीहून पिंपरीकडे जाताना पवना नदीवरचा पूल लागतो. समजा, तुम्ही एके सकाळी त्या पुलावरून निघालात आणि कोठेही मुक्काम न करता दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत थेट मुंबईला पोहोचलात. हे अंतर झाले सुमारे सव्वाशे ते दीडशे किलोमीटर. एका दिवसात एवढे अंतर पोहून जाणारा एक प्राणी समुद्रात आहे. कोणी पाठीस लागले म्हणून तो एवढा पोहत नाही. भक्ष्य शोधण्याच्या त्याच्या नित्याच्या कामातच एवढी मजल होते. या प्राण्याचे नाव ओर्का. त्याला सिमेंटच्या हौदात ठेवावे की नाही, हा वाद जगभर गाजला आहे. त्याचे पडसाद आपल्या कोकणच्या किनाऱ्यापर्यंतही पोहोचले.

नाव देवमाशाचे, कुळ डॉल्फिनचे

ओर्काला इंग्रजीत 'किलर व्हेल', म्हणजे खुनी देवमासा म्हणतात. ओर्कांचे कळप मोठमोठ्या देवमाशांची शिकार करताना दर्यावर्दींनी पाहिले, त्यावरून हे नाव पडले. वस्तुतः तो डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी होय. तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि मादी पिलांना दूध पाजते. पूर्ण वाढलेला नर सात-आठ मीटर लांब असून त्याचे वजन पाच-सहा टन, म्हणजे पाच-सहा मोटारगाड्यांएवढे भरते. ओर्का जगातील सर्व महासागरांत आढळतो. आपल्या अरबी समुद्रातही तो क्वचित दिसल्याच्या नोंदी आहेत.

एका ओर्कापासून दुसरा ओळखायचा कसा? कॅनडाचे शास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी १९७० नंतरच्या वर्षांत एक साधी युक्ती वापरली. प्रत्येक ओर्काच्या पाठीवरच्या पराचा आकार, त्यावरच्या खाचा आणि परामागचा करडा पट्टा वेगळा असतो. त्यांची छायाचित्रे जमवून बिग आणि त्यांचे सहकारी एकेक प्राणी ओळखू लागले. वर्षानुवर्षे केलेल्या या नोंदींतून ओर्कांची चक्क वंशावळ तयार झाली.

आईचे घर

या वंशावळीतून एक नवलाची गोष्ट कळली. कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मासे खाऊन राहणाऱ्या ओर्कांमध्ये मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईजवळ राहतात. कळपात आजी, आई, मावश्या, भावंडे अशा तीन-चार पिढ्या एकत्र नांदतात. मादी ऐंशी वर्षांपर्यंतही जगू शकते. चाळिशीच्या सुमारास तिला पिले होणे थांबते. परंतु त्यानंतरही ती अनेक वर्षे कळपाच्या पुढे राहते. माशांचा तुटवडा असलेल्या वर्षी तर अशा वडीलधाऱ्या माद्याच बहुधा वाट दाखवताना आढळतात.

प्रत्येक कुटुंबाची बोलीही निराळी असते. जॉन फोर्ड या शास्त्रज्ञांनी पाण्यात ध्वनिग्राहक सोडून हे आवाज टिपले आणि कुटुंबाकुटुंबांच्या हाकांमधला फरक दाखवून दिला. पिलू या हाका कळपातच शिकते. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. येथे कोस नव्हे, तर आजी बदलली की बोली बदलते!

आवाजाने पाहणे

एक छोटे गणित करू. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. ओर्का 'टक् टक्' असे आवाज काढतो आणि समोरच्या वस्तूवर आदळून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तिचे अंतर व आकार जाणतो. दीडशे मीटरवर मासा असेल, तर आवाजाला जाऊन-येऊन ३०० मीटर अंतर पडते. म्हणजे उत्तर यायला ०.२ सेकंद लागतो. आता हाच प्राणी २४ मीटर लांबीच्या हौदाच्या एका टोकाला आहे असे समजा. समोरच्या भिंतीचा प्रतिध्वनी ४८ मीटरांचा प्रवास करून ०.०३२ सेकंदात परत येईल. वळून कोणत्याही दिशेला हाक दिली, तरी थोड्याच वेळात भिंतच उत्तर देणार.

हा २४ मीटरचा आकडा काल्पनिक नाही. अमेरिकेतील मायामी येथे टोकिटे नावाची ओर्का मादी साधारण एवढ्याच लांबीच्या आणि सुमारे ६ मीटर खोलीच्या हौदात राहत होती. १९७० च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर जाळी लावून तिच्या कळपातील पिले पकडण्यात आली, त्यांतलीच ती एक. तिच्या हौदातला जोडीदार १९८० मध्ये मेला. त्यानंतर तिला आपल्या जातीचा सोबती मिळाला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ती त्याच ठिकाणी मरण पावली.

वादाच्या दोन बाजू

ओर्का पाळण्याच्या बाजूचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. १९६४ पूर्वी लोक ओर्काला हिंस्र शत्रू समजून बंदुकीने टिपत. त्या वर्षी व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला ओर्काचा पुतळा घडवायचा होता. त्यासाठी नमुना म्हणून एका ओर्काला भाला मारण्यात आला, पण तो मेला नाही. 'मोबी डॉल' या नावाने तो सुमारे तीन महिने जगला. त्याला पाहायला आलेल्यांची भीती पुष्कळच ओसरली. पुढे पाळलेल्या ओर्कांमुळे त्यांचा गर्भकाळ सुमारे सतरा महिन्यांचा असतो हे निश्चित कळले आणि त्यांच्या श्रवणशक्तीचीही मोजणी झाली. लाखो मुलांनी हा प्राणी प्रथम पाहिला, तो अशा हौदातच.

दुसरी बाजू म्हणते, या ज्ञानाची किंमत कोणी दिली? पकडण्याच्या त्या काळात टोकिटेच्या समूहातील चाळीसहून अधिक ओर्का पकडले गेले किंवा मेले. आज त्या समूहात जेमतेम पंच्याहत्तर उरले आहेत. मोकळ्या समुद्रात ओर्काने माणूस मारल्याची खात्रीलायक नोंद नाही. परंतु १९९१ ते २०१० या काळात बंदिस्त ओर्कांमुळे चार माणसांचा जीव गेला. शिवाय कुटुंब, बोली आणि वंशावळ यांविषयीचे महत्त्वाचे ज्ञान मिळाले ते समुद्रातल्या निरीक्षणांतून.

मग सर्वांना सोडून द्यावे का? तेही सोपे नाही. १९७९ मध्ये आइसलँडजवळ पकडलेला केको नावाचा नर चित्रपटामुळे प्रसिद्ध झाला. मोठा खर्च करून त्याला १९९८ मध्ये परत आइसलँडला नेले. २००२ मध्ये तो नॉर्वेपर्यंत पोहत गेला. पण रानटी ओर्कांच्या कळपात तो कायमचा मिसळला नाही आणि माणसांजवळच येत राहिला. २००३ च्या डिसेंबरात तो वारला. त्याला समुद्र परत देता आला, कुटुंब मात्र देता आले नाही.

आपल्या देशाने काय ठरवले?

भारतात १९९८ च्या सुमारास चेन्नईजवळील एका उद्यानात परदेशातून डॉल्फिन आणले होते. ते काही महिन्यांतच मेले. पुढे केरळ, महाराष्ट्र अशा राज्यांतून डॉल्फिनगृहांचे प्रस्ताव येऊ लागले. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी येथे 'सी-वर्ल्ड' हा मोठा पर्यटन प्रकल्प योजला होता. ग्रामस्थांनी जमिनी देण्यास विरोध केला आणि प्रकल्प उभा राहिला नाही.

दरम्यान, १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने एक परिपत्रक काढले. हे प्राणी अतिशय बुद्धिमान व संवेदनशील आहेत, तेव्हा करमणुकीसाठी डॉल्फिनगृह उभारण्याच्या प्रस्तावांना मंजुरी देऊ नये, असे त्यात सांगितले. चिंचवडच्या बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालयासारख्या कोणत्याही संग्रहालयाला या प्राधिकरणाची मान्यता लागते; म्हणून या परिपत्रकाला वजन आहे. कॅनडाने २०१९ मध्ये असाच कायदा केला. म्हणजे हा निर्णय आपण त्यांच्या सहा वर्षे आधी घेतला, तोही देशात एकही बंदिस्त ओर्का नसताना!

मालवणजवळ तारकर्ली, देवबागच्या समुद्रात आजही डॉल्फिन दिसतात. तेथे सहलीला गेलात, तर नावाड्याला होडी दुरूनच धरायला सांगा आणि इंजिनाचा आवाज कमी ठेवायला सांगा. खाली पाण्यात कोणीतरी आपल्या पिलाला हाक मारत असेल.

आणि शाळेच्या मैदानावर एकदा २४ मीटर मोजून खुणा करा. एका खुणेपासून दुसरीपर्यंत चालत जा, परत या. एका तासात किती फेऱ्या होतात ते मोजा. मग वहीत उत्तर लिहा: एखादा प्राणी सुखी आहे असे म्हणण्यासाठी त्याला पोटभर अन्न मिळणे पुरेसे आहे का?