परसातल्या शेळ्या-कोंबड्या : महाराष्ट्रातले नियम

मुंबई : महानगरपालिका अधिनियम, १८८८, कलम ३८४. डुकरे पाळायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. कोणतेही जनावर उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने आवारात ठेवता येत नाही.

कोंडवाडा : १८७१च्या गुरे अतिक्रमण कायद्यातल्या ‘गुरां’मध्ये शेळ्या, मेंढ्या, करडे आणि डुकरेही येतात, कोंबड्या नाहीत.

खुराडे : प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११. धड हालचालही करता येणार नाही इतक्या कमी उंचीच्या, लांबीच्या वा रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा. पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हाही.

रोगराई : प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीचा कायदा, २००९. अनुसूचीतल्या रोगाची शंका येताच खबर देणे मालकावर बंधनकारक. बर्ड फ्लू आणि शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हे दोन्ही रोग अनुसूचीत आहेत. कोंबड्यांमधला बर्ड फ्लू भारतात प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. उद्रेक झाला की बाधित क्षेत्रातले पक्षी नष्ट केले जातात. घरामागच्या चार कोंबड्याही त्यातून सुटत नाहीत. मालकाला सरकारी दराने भरपाई मिळते.