खेळासाठीं प्रोसेसर कोणता घ्यावा?

संगणकावर खेळ खेळण्याची हौस आतां पुष्कळ घरांत शिरली आहे, व तिच्याबरोबर एक नवा खर्चहि. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यानें वडिलांकडे हट्ट धरला कीं, खेळ अडखळत चालतो, सबब नवा प्रोसेसर पाहिजे. वडिलांनीं बोनसची रक्कम मोडून १६ कोअरांचा प्रोसेसर आणला. याहून सरस माल नाहीं, अशी दुकानदारानें ग्वाहीहि दिली होती. घरीं येऊन लावून पाहतात तों खेळ पूर्वीसारखाच अडखळतो! त्या गृहस्थांचा झालेला विरस पाहून हे चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

खेळांतील हालतें चित्र म्हणजे एकामागून एक झपाट्यानें दाखविलेलीं स्थिर चित्रें होत. सेकंदास ६० चित्रें हवीं असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ हवीं असल्यास जेमतेम ७. तेवढ्या अवधींत दोघां कारागिरांचें काम उरकावें लागतें. चेंडू कोठें गेला, शत्रु कोणत्या बाजूनें आला, भिंत आड आली कीं नाहीं, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून रंग व छाया भरून चित्र काढण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. दोघांपैकीं जो मंद, त्याच्याच चालीनें सर्व कारभार चालावयाचा. वरील घरांत ग्राफिक्स कार्ड फार जुनें होतें. हिशेबनीस बदलल्यानें चिताऱ्याचा हात कसा चपळ होणार?

दोष कोणाचा, हें ओळखण्यास पैसा लागत नाहीं. सेकंदाच्या चित्रांवर खेळानें मर्यादा घातली असल्यास ती आधीं काढावी. मग पडद्यावरील चित्राचे बिंदू कमी करावे. ३८४० × २१६० असल्यास १९२० × १०८० केले, कीं ते एकचतुर्थांश होतात. एवढ्यानें खेळ चपळ झाला, तर थकलेलें आहे तें ग्राफिक्स कार्ड. कांहींच फरक न पडला, तर मात्र प्रोसेसरकडे पाहावें.

प्रोसेसर घ्यावयाचें ठरलेंच, तरी आंकड्यांनीं दिपून जाऊं नये. कोअर म्हणजे काम वांटून घेणारे गडी. परंतु खेळांतील बराचसा हिशेब एकमेकांवर अवलंबून असतो. गोळी लागली कीं नाहीं हें ठरल्यावांचून पुढचें पाऊल ठरत नाहीं. त्यामुळें सोळांपैकीं कित्येक गडी हात बांधून बसतात. (बुद्धिबळाच्या चाली शोधणारे प्रोग्राम मात्र सर्वांना कामास लावतात.) बहुतेक खेळांस सहा ते आठ चांगले कोअर पुरे.

गिगाहर्ट्झचा आंकडाहि असाच फसवा. ए.एम.डी. कंपनीचा रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर २०२० सालीं निघाला. त्याची कमाल गति ४.७ गिगाहर्ट्झ. २०२२ सालीं निघालेल्या ५८००एक्स३डीची ४.५. कोअर दोहोंतहि आठच. कागदावर दुसरा मंद, तरी बहुतेक खेळांत सरस ठरला तो दुसराच! कारण पहिल्याची एल३ कॅश ३२ मेगाबाइट, तर दुसऱ्याची ९६. वाण्याच्या हाताशीं डबे अधिक असले, म्हणजे प्रत्येक जिनसासाठीं त्याला मागच्या कोठारांत जावें लागत नाहीं. कॅश म्हणजे ते डबे, व संगणकाची मेमरी म्हणजे तें कोठार.

आणखी एक सोय सांगितली पाहिजे. हा प्रोसेसर २०१७ सालच्या पहिल्या रायझनच्याच सॉकेटांत बसतो, आणि बायॉस नवा करून घेतल्यास कित्येक जुन्या मदरबोर्डांवर चालतो. तेथें नव्या बोर्डाचा व नव्या मेमरीचा खर्च वांचतो. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या बोर्डाचें नांव कागदावर टिपून न्यावें व त्यावर कोणते प्रोसेसर चालतात याची निर्मात्यानें दिलेली यादी पाहावी.

त्या गृहस्थांचा प्रोसेसर दुकानदारानें परत घेतला खरा, परंतु रकमेंतून कांहीं भाग कापून. उरलेल्या पैशांत एक मध्यम प्रतीचें ग्राफिक्स कार्ड आलें, व खेळ आतां सुरळीत चालतो. कापलेल्या रकमेची आठवण मात्र मुलाला अजून अधूनमधून ऐकावी लागते.